तीस दिवसांचें व्रत

अमेरिकेंतील जॉर्जटाउन विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकविणारे कॅल न्यूपोर्ट यांचा 'डिजिटल मिनिमलिझम' (२०१९) हा ग्रंथ आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस आणून दिला. देतांना तो किंचित् हसला. वर्गांत मोबाईल काढणाऱ्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षें उपदेश करीत आलों. तो करतांना आमचाहि हात खिशाकडे जातो, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नसावें.

ग्रंथकारांचें म्हणणें सरळ आहे. एखाद्या साधनाचा उपयोग होतो एवढ्यावरून तें जवळ बाळगूं नये. त्याच्यापायीं आयुष्याचा किती भाग खर्ची पडतो, तेंहि पाहावें. हा हिशेब त्यांनीं १८४५ ते १८४७ या काळांत वॉल्डन तळ्याकाठीं राहिलेल्या थोरोपासून घेतला आहे. २००९ सालीं फेसबुकवर आलेल्या 'लाइक'च्या खुणेचें त्यांनीं केलेलें विवेचन तर मुळांतूनच वाचावें. जुगाराच्या यंत्राचा दांडा माणूस पुनःपुन्हां ओढतो, तो बक्षीस मिळतें म्हणून नव्हे, तर केव्हां मिळेल हें ठाऊक नसतें म्हणून. मोबाईल उघडून पाहण्याचेंहि तसेंच. त्यावर उपाय असा कीं, ज्यांवांचून कामधंदा अडत नाहीं अशीं सर्व साधनें तीस दिवस बंद ठेवावीं आणि मग एकेक पारखून परत घ्यावें. सोळाशेंहून अधिक लोकांनीं आपल्या सांगण्यावरून हें केलें, असें ते लिहितात.

गेल्या मे महिन्यांत आम्हींहि हें व्रत धरलें. टेलिफोन तेवढा चालूं ठेवला. बाकी सारें काढून टाकलें. मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' वाचावयास घेतली. ('करमणुकी'च्या वाचकांनीं ती क्रमशः, पुढील अंकाची वाट पाहात वाचली होती.) पहिल्या आठवड्यांत आमची मजल दहा पानांपलीकडे जाईना. तीस वर्षें साहित्य शिकविलेल्या माणसाच्या चित्ताची ही दशा पाहून आम्ही मनांतून घाबरलों. कादंबरीचें नांवच आम्हांस उद्देशून ठेवलेलें वाटूं लागलें. दुसऱ्या आठवड्यांत मात्र यमूच्या मागें मन आपोआप जाऊं लागलें, आणि एका रात्रीं दोन वाजेपर्यंत वाचीत बसलों. इतकें सुख वाचनानें आम्हांस कित्येक वर्षांत दिलें नव्हतें. न्यूपोर्ट यांचें हें ऋण आम्ही मान्य करतों.

परंतु त्याच महिन्यांत आमचा एक सहाध्यायी वारला. जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सॲपवरील मंडळांत तें वर्तमान आलें. आम्हांस कळलें तेव्हां दहावा होऊन गेला होता. आम्ही भेटावयास गेलों. "निरोप सगळ्यांनाच घातला होता," एवढेंच वहिनी म्हणाल्या, आणि चहा आणावयास आंत गेल्या.

या प्रसंगानंतर ग्रंथांतील आमिश लोकांवरील भाग आम्हीं पुन्हां वाचला. नवें यंत्र आलें कीं ही मंडळी तें डोळे मिटून घेत नाहींत, तसें टाकीतहि नाहींत. त्यानें आपला शेजार टिकतो कीं मोडतो, हें सर्व मिळून पाहतात. त्यांच्या कित्येक वस्त्यांत घरांत टेलिफोन नाहीं, पण बाहेर सामाईक खोपटांत आहे. न्यूपोर्ट यांतून विचारपूर्वक निवडीचा धडा घेतात. पण ती निवड वस्तीनें केलेली असते, आणि त्यांचा वाचक मात्र एकटा. त्यानें आपलें दार लावून घेतलें म्हणून सोबत्यांचा कट्टा परत जुन्या जागीं येत नाहीं. त्याच वर्षींच्या 'हाऊ टू डू नथिंग' या ग्रंथांत जेनी ओडेल यांनीं संपूर्ण पलायनाचा मार्ग नाकारला आहे. आपलें लक्ष सभोंवारच्या जागेकडे, पक्ष्यांकडे, शेजाऱ्यांकडे वळवावें असें त्या म्हणतात. विचार म्हणून तो आम्हांस अधिक खोल वाटतो. पण सोमवारीं सकाळीं उठून काय करावें, हें न्यूपोर्टच सांगतात.

सध्यां आमच्या घरचे मोबाईल रात्रीं दिवाणखान्यांतील एका फडताळांत राहतात. जेवणानंतर कोणी तरी एक जण आलेले निरोप सर्वांना वाचून दाखवितो, जसें पूर्वीं टपाल वाचीत. सूनबाईंचा मोबाईल मात्र तेथें नसतो. त्यांच्या कचेरीचीं कामें रात्रीं दहालाहि येतात, आणि कचेरीच्या कामाला न्यूपोर्ट यांच्या तीस दिवसांत सूट आहे.