अंधारातील प्रथमपुरुष

दिवाळी अंकात एखादी भुताची गोष्ट असावी, ही आपल्याकडची जुनी आवड आहे. दारात पणत्या असल्या, घरात माणसे असली, की भिण्यातही सुख असते. परंतु भयाचा एक निराळा प्रकार अलीकडे संगणकाच्या पडद्यावर येऊन बसला आहे, आणि पोरांचा उद्योग म्हणून जाणती मंडळी त्याकडे पाहत नाहीत. मला तो कादंबरीकाराने अभ्यासावा असा वाटला.

मी म्हणतो तो खेळ ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’. स्वीडनमधील हेल्सिंगबोर्गच्या ‘फ्रिक्शनल गेम्स’ या लहानशा संस्थेने तो २०१० साली काढला. काळ १८३९चा, स्थळ प्रशियातील एक ओसाड किल्ला. डॅनियल नावाचा तरुण तेथे शुद्धीवर येतो. त्याला जवळजवळ काहीच आठवत नाही. पुढे एक चिठ्ठी सापडते, अक्षर त्याचेच. ‘तुझी स्मृती तूच पुसली आहेस, तळाशी जा आणि अलेक्झांडरला ठार मार,’ असा तिचा आशय. हे सारे आपण डॅनियलच्या डोळ्यांनी पाहतो. दिसतो तो केवळ कंदील धरलेला हात.

त्या हातात शस्त्र कधीच येत नाही. पळावे, कपाटात दडावे, एवढेच. आणि येथे रचनाकारांची खरी करामत आहे. अंधारात उभे राहिले तर डॅनियलचे मन ढळू लागते, दृष्टी धूसर होते. उजेडात आले तर किल्ल्यातल्या विद्रूप जीवांना तो दिसतो. त्यांच्याकडे पाहत राहिले तरी मन ढासळते. कंदिलाचे तेल मोजकेच. म्हणजे ज्याने जीव वाचतो त्यानेच बुद्धी जाते! आपल्या शास्त्रकारांनी भय हा भयानक रसाचा स्थायीभाव मानला. पण तो इतका वेळ ‘स्थायी’ ठेवणे किती अवघड, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

तळघरातल्या पाण्याचा प्रसंग तर मी विसरणार नाही. तेथला प्राणी अदृश्य आहे. पाण्यावर पावलांचे शिंतोडे उडतात, तेवढीच त्याची खूण. आपण खोक्यावरून खोक्यावर उड्या मारायच्या; पाण्यात पाय पडला की शिंतोडे आपल्याकडे धावत येतात. वाटेत दार आले तर तेही नुसत्या एका कळीने उघडत नाही, हाताने ओढून उघडावे लागते. बोटभर फट करून पलीकडे डोकावताना आपलाच हात कचरतो. कादंबरीत पान वाचकच उलटतो खरा, पण दार उघडणारा हात पात्राचा असतो.

उलट, ते जीव एकदा उजेडात नीट दिसले की जत्रेतल्या सोंगांसारखे वाटू लागतात. रोजनिशीची पानेही ठिकठिकाणी फार सापडतात आणि फार बोलतात. उत्तरार्धातल्या छळाच्या कोठड्यांत संयम सुटला आहे. तेथे किंकाळ्या नुसत्या ऐकू येतात तेवढेच पुरे होते. ती अवजारे मांडून दाखवण्याची गरज नव्हती. (लहान मुलांच्या हाती हा खेळ देऊ नये, हे सांगायलाच हवे.)

पण त्या कोठड्यांतच कथेचे मर्म आहे. स्मृती तुकड्यातुकड्यांनी परतते आणि कळते, की मागे लागलेल्या एका अघोरी छायेपासून स्वतःला वाचवण्यासाठी, अलेक्झांडरच्या सांगण्यावरून, डॅनियलनेच येथे माणसांचे हाल केले होते. ‘मी नव्हतो’ हे वाक्य शाळामास्तराला रोज ऐकावे लागते, आणि म्हणणाऱ्याचा चेहरा सहसा ते खोटे पाडतो. डॅनियलला ते खरे वाटावे म्हणून त्याने औषध घेतले. आणि इतका वेळ त्याच्या डोळ्यांनी पाहत, त्याच्याबरोबर श्वास रोखत, आपण त्याचीच बाजू घेऊन बसलेलो असतो. निवेदक अपराधी निघाल्याच्या कथा पुष्कळ आहेत. येथे मात्र अंग झटकून दूर होता येत नाही.

खेळाचे शेवट तीन आहेत. त्यांतल्या एकात अलेक्झांडरचा बेत उधळून डॅनियल किल्ल्याबाहेर पडतो, आपण योग्य तेच केले असे समजून. मला तो शेवट पटला नाही. खाली कोठड्यांत ज्यांच्या किंकाळ्या ऐकल्या, त्यांच्या वतीने त्या मोकळ्या हवेत चालणाऱ्याला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारत नाही.