चतुर पंडितांची उलटतपासणी

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची जी हकीकत आपल्या मराठी घरांतून सांगितली जाते, तिचा साचा आता ठरून गेला आहे. वाळकेश्वरचा एक होतकरू वकील, संसारावर लागोपाठ दोन आघात, मग कायद्याच्या पुस्तकांना रामराम आणि संगीताची आजन्म सेवा. हकीकतीत खोटे काही नाही. परंतु सांगणाऱ्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथ बहुधा उघडलेला नसतो. तो जो सलग वाचील त्यास दिसून येईल की, भातखंड्यांनी वकिली सोडली खरी, पण वकिलीने त्यांस अखेरपर्यंत सोडले नाही.

प्रथम कालानुक्रम ध्यानात घ्यावा. त्यांचा जन्म 1860 चा. सतारीचा नाद कॉलेजात असतानाच लागलेला. 1884 च्या सुमारास पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला आणि तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे मिळाली. बी. ए. 1885 साली, एल्एल्. बी. 1887 साली. म्हणजे सतार आधी आणि सनद मागाहून. पुढे काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. 1900 साली पत्नी निवर्तली, 1903 साली एकुलती एक कन्या गेली. ज्या गृहस्थास मिळवावयाचे कोणासाठी हा प्रश्न उरत नाही, त्याने व्यवसायातून अंग काढून घेतले तर त्यात नवल नाही. 1904 साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांस जाऊन भेटले.

आता ग्रंथाकडे वळू. चार भागांचा हा ग्रंथ 1910 पासून 1932 पर्यंत प्रसिद्ध होत राहिला. त्याचे रूप गुरुशिष्यसंवादाचे आहे, आणि हे रूप आपल्या परंपरेत जुनेच. पण जुन्या संवादांतला शिष्य शंका विचारतो ती गुरूला बोलावयास निमित्त मिळावे म्हणून; भातखंड्यांचा शिष्य अडवून धरतो. अमुक रागाचे स्वर अमुक ग्रंथात निराळे का, त्या ग्रंथकाराचे शुद्ध सप्तक कोणते, ते ठरल्यावाचून त्याची साक्ष आपण घ्यावी कशी, असे प्रश्न तो एकामागून एक टाकीत जातो. ही उलटतपासणी आहे. जे पंडित सामवेदापासून आजच्या ख्यालापर्यंत एक अखंड सूत्र ओढीत, त्यांचा दावा या तपासणीत टिकत नाही. रत्नाकरातील राग आज कोणी गात नाही, हे स्पष्टपणे सांगावयास त्या काळी धैर्य लागत असे.

आमच्या मते याहूनही खोल नाते एका तत्त्वात आहे. 1909 साली ‘चतुरपंडित’ या नावाने त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ काढला. लक्ष्य म्हणजे आज प्रत्यक्ष गाइले जाते ते. शास्त्राने त्याच्या मागून चालावे, असा त्यातील आग्रह. आता हिंदु कायद्याचा विद्यार्थी आठवा. 1868 साली रामनाड संस्थानच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनाहून वरचढ समजावा. वकिलीची परीक्षा देणाऱ्या तरुणास हा निवाडा चुकविता येण्यासारखा नव्हता. भातखंड्यांनी तो संगीतास जाणूनबुजून लावला, असे म्हणण्यास आमच्यापाशी त्यांचा शब्द नाही. परंतु दोन्हींकडे विचाराची चाल एकच आहे, एवढे कोणासही दिसेल.

गुणाबरोबर दोषही त्याच घरातून आला. वकिलास कागद प्रिय, तोंडची साक्ष संशयास्पद. उस्तादांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जे ज्ञान गळ्यातून गळ्यात उतरले, त्याला कागद नाही एवढ्यावरून ते कित्येकदा अज्ञानाचा शेरा मारून मोकळे होतात, आणि साक्षीदाराची फजिती करण्याची हौस त्यांच्या गद्यात अधूनमधून डोकावते. जानकी बखले यांनी 2005 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मुसलमान गवयांविषयीच्या त्यांच्या वृत्तीवर कठोर टीका केली आहे. ती सर्वस्वी अमान्य करिता येत नाही. मात्र याच गृहस्थाने जयपूरच्या महंमद अली खाँकडून शेकडो चिजा घेतल्या आणि रामपूर दरबारची तालीम पत्करली, हेही त्याच पारड्यात टाकिले पाहिजे.

दहा थाटांची व्यवस्थाही काहीशी निवाड्यासारखी आहे: काम चालविण्यास सोयीची, पण ज्यांचा दावा दाखलच झाला नाही त्यांच्याविषयी मुकी. आम्ही ज्या राजूर भागात राहतो तेथे आषाढात भाताच्या आवणीला खाचरात वाकलेल्या बाया जे गातात, त्यास कोणता थाट लावावा? भातखंड्यांनी रागसंगीतापुरतेच क्षेत्र आखून घेतले होते, म्हणून हा त्यांचा अपराध नव्हे. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र कुंपणालाच क्षितिज मानले.

विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्ट येथे ओझरती आठवते. फटाक्याने डोळे अधू झाले, शिक्षण थांबले, म्हणून मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गेला. आणि 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणारा हा गायक उत्तरायुष्यात रामनामाच्या कीर्तनाकडे, म्हणजे कीर्तनकार बापाच्याच वाटेकडे वळला.

स्पर्धा परीक्षांच्या वर्गात मुलाचे नाव घालून त्याची पेटी किंवा तबला माळ्यावर ठेवणारे पालक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांस भातखंड्यांचे उदाहरण दिले की ते म्हणतात, त्यांनी आधी वकिलीची सनद तर मिळविली ना! या उत्तरात व्यवहार आहेच, आणि त्यांच्या समजुतीपेक्षा अधिक सत्यही आहे. पण ती सनद असताना सतार माळ्यावर गेलेली नव्हती, हा अर्धा भाग ते सोयीने गाळतात.

1916 ची बडोद्याची परिषद, 1926 चे लखनौचे विद्यालय, 1933 पासूनचे अंथरुण आणि 1936 च्या सप्टेंबरातला अंत, हे सर्व चरित्रग्रंथांत मिळेल. हाथरसच्या प्रकाशकांनी केलेल्या अनुवादामुळे हा ग्रंथ हिंदी वाचकांच्या घरोघर गेला. मराठी वाचकाने मात्र तो मूळातच वाचावा. नोटेशनचे भय बाळगणाऱ्यांनी स्वरलिपीची पाने खुशाल ओलांडावी आणि शिष्य गुरूला अडवितो तेथपासून आरंभ करावा.