झोपडीच्या दाराबाहेर

हिंदी मुलुखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा कधी ना कधी येतेच. पुष्कळदा ती मुलांच्या अभ्यासाच्या पुस्तकातून येते. १९३५ च्या अखेरीस उर्दूत व १९३६ साली हिंदीत प्रसिद्ध झालेल्या या कथेची थोरवी आम्हांस मान्य आहे. तथापि तिच्याविषयी आमच्या मनात एक सल राहून गेला आहे.

हिवाळ्याच्या रात्री झोपडीच्या दाराशी घीसू व माधव हे बापलेक चोरून आणलेले बटाटे भाजून खात आहेत. आत माधवची तरुण बायको बुधिया प्रसूतिवेदनांनी तडफडत आहे. आपण आत गेलो तर दुसरा बटाट्यांचा मोठा वाटा फस्त करील, या धास्तीने माधव उठत नाही. सकाळी ती मेलेली आढळते. मूलही पोटातच गेलेले. मग कफनासाठी गोळा केलेले पाच रुपये दोघे दारू व पुऱ्यांत उडवितात.

पात्रे निष्ठुर आहेत म्हणून कथा निष्ठुर ठरत नाही. प्रेमचंदही या दोघांना निर्लज्जच ठरवितात. आमचा प्रश्न कथाकाराच्या नजरेविषयी आहे. घीसूच्या मनात तो सहज शिरतो. वीस वर्षांपूर्वीच्या मेजवानीतील पदार्थही रसाळपणे वर्णितो. झोपडीचा उंबरठा मात्र बुधिया जिवंत असेतो तो ओलांडीत नाही. सकाळी माधवामागोमाग आत जातो, तेव्हा तिच्या तोंडावर माशा घोंगावत असतात. बुधियाच्या वाट्याला किंकाळ्या आल्या, शब्द एकही आला नाही.

जेथे राबणाऱ्याची स्थिती आळशाहून फारशी बरी नाही, तेथे घीसूची कामचुकार वृत्ती नवलाची नव्हे, असे कथाकार मार्मिकपणे सांगतो. परंतु या घरात राबत कोण होते? वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली बुधिया दळण दळून, गवत कापून शेरभर पीठ मिळवी व या दोघांची पोटे भरी. ती आल्यापासून ते अधिकच सुस्तावले, हेही कथेतच आहे. गावाला लावलेला न्याय झोपडीच्या आत लावावयास कथाकार विसरला. घीसूच्या आळसात समाजाविरुद्धचे बंड पाहणाऱ्याने त्या बंडाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.

प्रेमचंदांना स्त्रीचे दुःख दिसत नव्हते, असे कोण म्हणेल? ‘निर्मला’ त्यांचीच. १९३६ च्याच ‘गोदान’मध्ये धनिया गरोदर झुनियाला गावाचा रोष पत्करून आसरा देते. म्हणूनच ‘कफन’मधील पोकळी अधिक जाणवते. येथे हळव्या मनाच्या बायका येतात त्या प्रेत पाहावयास, आणि दोन आसवे गाळून परततात.

मद्यधुंद होऊन कोसळणाऱ्या बापलेकांकडे पाहून आम्ही हसलो, कळवळलोही. आणि पुस्तक मिटल्यावर ध्यानात आले की, तिकडे झोपडीत बुधियाचा देह तसाच पडून आहे. वाचकांनी ही कथा पुन्हा अवश्य वाचावी; मात्र या खेपेस शेकोटीशी न बसता, किंकाळ्या येतात तिकडे कान देऊन वाचावी.