फिन्‌चे बालपण

जेम्स स्टीफन्स यांचा 'आयरिश फेअरी टेल्स' हा १९२० चा कथासंग्रह रॅकॅमच्या चित्रांसाठीही नावाजला गेला. आमचे मन मात्र त्यातील फिन्‌च्या बालपणाच्या कथेत गुंतले. बाप वैऱ्यांनी मारलेला, आई दूर. दोन स्त्रिया ह्या मुलास अरण्यात लपवून वाढवितात. गोकुळातल्या कृष्णाची आठवण व्हावयाचीच. पण येथे दहीलोणी नाही! दोघांनी काटेरी फांद्या घेऊन झाडाभोवती धावावयाचे आणि जो गाठील त्याने दुसऱ्यास फटकारावयाचे, असे तेथले शिक्षण. त्या फटक्यांतही माया आहे, आणि लेखक तिचा गाजावाजा करीत नाहीत.

पुढे बॉइन नदीकाठी ज्ञानाचा मासा मिळावा म्हणून तिष्ठत बसलेला कवी फिनेगस भेटतो. मासा शिजविताना पोळलेला अंगठा फिन् तोंडात घालतो, आणि ज्ञान शिष्याकडे जाते. गुरू आकांत करीत नाही. सबंध मासाच त्याला देऊन टाकतो. ह्या प्रसंगापुढे तारा नगरीतील मायावी शत्रूचा वध आम्हांस फिका वाटला.

बदलीच्या गावी मुले परकी होतात, अशी आम्हां नोकरदारांची नेहमीची तक्रार. गुढियारीत शेजारच्या दाईकडून छत्तीसगढी उचललेल्या आमच्या मुलांना ही कथा मराठीतून सांगितली, तेव्हा त्यांना फिन्‌ची कीव आली नाही. त्या दोघींना तो पुढे भेटावयास गेला का, एवढेच त्यांनी विचारले. पराक्रमाच्या घाईत कथा त्या दोघींकडे पुरेसे वळून पाहत नाही, ही तिची खरी उणीव.