आपल्याच मापाचे विवर

भय ही मनुष्याला टाळावीशी वाटणारी भावना असूनही भयाची कथा त्याला हवीशी का वाटते, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. भरताने भयानक आणि बीभत्स या दोहोंना आठ रसांत स्थान दिले, तेव्हाच तो उपस्थित झाला होता. अभिनवगुप्ताने दिलेले त्याचे उत्तर सुपरिचित आहे. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून मागे पाहणारे हरिण प्रेक्षकाला भयाचा प्रत्यय देते. परंतु ते भय हरिणाचेही राहत नाही आणि प्रेक्षकाचेही होत नाही. 'हे माझे', 'हे परक्याचे' असे संबंध गळून पडतात, भय साधारणीकृत होते आणि म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. जपानमधील भयचित्रकथा, विशेषतः जुन्जी इतो याच्या लघुकथा, या उत्तराची विलक्षण कसोटी पाहतात. कारण या कथांतील माणसे ज्या जाणिवेने स्वतःचा नाश ओढवून घेतात, ती नेमकी हीच असते : हे माझे आहे, हे माझ्यासाठीच आहे.

जपानी वाङ्मयात भीतिकथेची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. उएदा अकिनारीचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा कथासंग्रह 1776 साली प्रसिद्ध झाला. त्सुरुया नाम्बोकुचे 'योत्सुया काइदान' हे नाटक 1825 साली काबुकी रंगभूमीवर आले. नाम्बोकुच्या नाटकातील ओइवा ही पतीने छळलेली, विषाने विद्रूप झालेली स्त्री मरणोत्तर सूड घेते. तिची आकृती कितीही भयंकर असली तरी तिच्यामागे न्यायाची एक व्यवस्था उभी आहे. अपराध घडला, म्हणून भूत आले. अपराध्याला शासन झाले, म्हणजे प्रेक्षकाने समाधानाचा श्वास सोडावा. मराठीत नारायण धारपांच्या भयकथांत 'समर्थां'चे आगमन जे आश्वासन देते, त्याची जातकुळी निराळी असली तरी कार्य तेच आहे. जग मुळात सुव्यवस्थित आहे, विकृती बाहेरून आली आणि तिचे निवारण शक्य आहे, अशी ही श्रद्धा होय.

ही श्रद्धा ढळू लागल्याची चिन्हे विसाव्या शतकात दिसतात. एडगर ॲलन पो याच्या नावाच्या उच्चारावरून आपले टोपणनाव घडवणाऱ्या एदोगावा राम्पोने 1925 साली 'मानवी खुर्ची' ही कथा लिहिली. तीत भूत नाही. एक कारागीर स्वतः बनवलेल्या खुर्चीच्या पोटात शिरून बसतो, एवढेच तिचे बीज. आणि या कथेला पुढे इतोने चित्ररूप द्यावे, हा योगायोग नव्हे. युद्धोत्तर काळात भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी स्वस्त चित्रकथा छापल्या जात; शिगेरु मिझुकी आणि काझुओ उमेझु यांचा हात तेथेच तयार झाला. उमेझुने 1965 साली मुलींच्या साप्ताहिकातून लिहिलेल्या एका मालिकेत आईच्या जागी सर्पिणी येऊन बसते. भय स्मशानातून उठून माजघरात आले ते असे. 1972 ते 1974 या काळातील त्याच्या 'भरकटलेली शाळा' या दीर्घकथेत एक अख्खी प्राथमिक शाळाच उजाड भविष्यात जाऊन पडते, आणि वाळवंटापेक्षाही भयावह ठरते ते तेथील शिक्षकांचे व मुलांचे वर्तन.

या उमेझुच्याच नावाने दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाच्या स्पर्धेत 1987 साली इतोच्या 'तोमिए' या कथेची उल्लेखनीय म्हणून नोंद झाली. 1963 साली गिफु प्रांतात जन्मलेला हा लेखक तेव्हा कृत्रिम दात बनवणारा तंत्रज्ञ होता. मानवी देहाच्या एका लहानशा भागाची काटेकोर प्रतिकृती घडवण्याची ती सवय त्याच्या रेषेत उतरली आहे. त्याची घरे, रस्ते, शाळेचे गणवेश, डोक्यावरचे केस इतक्या संयमाने आणि बारकाईने रेखाटलेले असतात, की त्या जगात प्रथम संशयाला जागाच उरत नाही.

'आमिगारा प्रस्तरभंगाचे गूढ' ही त्याची छोटी कथा या संदर्भात मूलभूत ठरावी. भूकंपाने एक डोंगर दुभंगतो आणि उघड्या पडलेल्या कड्यावर माणसांच्या आकृतीची असंख्य विवरे दिसू लागतात. दूरचित्रवाणीवर ती पाहून लोक दुरून येतात. कारण त्यांतील प्रत्येकाला एक विवर ओळखीचे वाटलेले असते. उंची तीच, खांद्यांची ठेवण तीच. एक तरुण आपले विवर शोधून आत शिरतो आणि परत येत नाही. त्यानंतरही लोक थांबत नाहीत. कोणी त्यांना ढकलत नाही, भुलवत नाही. ते भयाने थरथरत असतात आणि तरीही आत जातात. काही महिन्यांनी डोंगराच्या दुसऱ्या बाजूस तशीच विवरे सापडतात. मात्र त्यांचे आकार ताणलेले, वेडेवाकडे झालेले असतात, आणि उजेड टाकून पाहिले असता आतून काहीतरी हळूहळू पुढे सरकत येत असते. कथा तेथेच संपते.

कथेच्या मध्यभागी नायकाला एक स्वप्न पडते. प्राचीन काळी आपण घोर अपराध केला होता आणि हे विवर ही त्याची शिक्षा होती, असे तो त्यात पाहतो. नाम्बोकुचा न्याय जणू क्षणभर डोकावतो. परंतु इतो त्या स्वप्नाला दुजोरा देत नाही. कड्यापाशी जमलेल्या इतरांचे अपराध कोणते, हे कथा सांगत नाही. उलट, अपराधाची कल्पना हीच भयग्रस्त मनाने शोधलेली एक पळवाट असावी, असा संशय निर्माण होतो. शिक्षा म्हटली की निदान अर्थ तरी लाभतो. विवर मात्र केवळ मापाचे आहे, अर्थाचे नाही.

हेच सूत्र त्याच्या इतर उत्तम कथांत निरनिराळ्या रूपांनी येते. एका कथेत आकाशातून प्रचंड मानवी मस्तकांचे फुगे तरंगत येतात. प्रत्येकाखाली फास लोंबतो आणि प्रत्येक मस्तक एका जिवंत माणसाच्या चेहऱ्याचे असते. ते नेमके त्याच माणसाला शोधते; आणि फुगा फोडला, तर तो माणूसही मरतो. 'दीर्घ स्वप्न' या कथेतील रुग्णाची स्वप्ने दर रात्री लांबत जातात. प्रथम दिवस, मग वर्षे, मग शतके एका रात्रीत मावू लागतात. आणि त्या अनुभवलेल्या काळाच्या ओझ्याने त्याचा देह मनुष्यपणाच्या पलीकडे जातो. भय येथे बाहेरून चाल करून येत नाही. ते प्रत्येकाच्या मापाने बेतलेले असते.

या कथांच्या अस्वस्थ करणाऱ्या आकर्षणाचे मर्म येथे सापडते. इतोचे पात्र साधारणीकरणाला मुकलेले असते. समोरच्या विवराकडे 'हे कोणाचेही असू शकेल' अशा तटस्थतेने पाहणे त्याला शक्य होत नाही. वाचकाला मात्र ते शक्य असते, आणि म्हणूनच तो वाचू शकतो. परंतु वाचताना त्याची दृष्टी नकळत त्या कड्यावर आपल्या आकृतीचा शोध घेऊ लागते. आस्वादासाठी आवश्यक असलेले अंतर राखून, त्या अंतराचाच ढासळलेला पाया दाखवणे, ही या कथेची किमया आहे. अभिनवगुप्ताचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही; पण ते अंतर किती निसरड्या जागी उभे असते, हे उमगते.

हा परिणाम शब्दांनी साधला नसता. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. पान उलटण्यापूर्वीच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी काही पाहून थबकलेले असते. त्याने काय पाहिले ते पान उलटल्यावरच दिसते. म्हणजे ते भयंकर दृश्य प्रकट करणारा हात लेखकाचा नसून वाचकाचा असतो. विवरात शिरणाऱ्या माणसाप्रमाणे वाचकही स्वेच्छेने पुढचे पान उलटतो. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या भाषांत या कथा नेताना चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी करावीत की वाचकालाच उलट दिशेने वाचायला लावावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ मुद्रणाचा राहत नाही.

याहून अवघड प्रश्न ध्वनीचा आहे. जपानी चित्रकथेत ध्वनी अक्षररूपाने चित्रातच कोरलेला असतो, आणि शांततेलाही तेथे 'शीऽन' असा एक ध्वनी आहे. मराठी अनुकरणवाचक शब्दांत दरिद्री नाही. सरपटण्याला 'सरसर' आहे, पानांना 'सळसळ' आहे, जड वस्तूला 'खरखर' आहे. परंतु 'शुकशुकाट' माणसांचा अभाव सांगतो, 'किर्र' रात्रीच्या किड्यांची आठवण ठेवतो. निःशब्दतेचा स्वतःचा नाद त्यांत नाही. अशा जागी अनुवादकाने अक्षरे न घालता चौकट मोकळी सोडली, तर कदाचित तो मुळाशी अधिक प्रामाणिक राहील.

इतोच्या मर्यादाही दृष्टीआड करता येत नाहीत. त्याची पात्रे बहुधा नाममात्र असतात. कल्पना आली की माणूस मागे पडतो. लघुकथेत हे खपते, दीर्घकथेत खुपते. पायांच्या यंत्रांवर चालत किनाऱ्यावर येणाऱ्या कुजक्या माशांच्या 'ग्यो' या कथेत बीभत्स इतका वाढतो की तो हास्याच्या हद्दीत शिरतो. 'तोमिए'मधील दोष अधिक गंभीर आहे. वर्गातील मुले आणि शिक्षक मिळून एका मुलीचे तुकडे करतात आणि ती पुन्हा जिवंत होऊन परतते. पहिल्या कथेत हे परतणे मारेकऱ्यांच्या भ्याडपणावरचे भाष्य होते. पुढील असंख्य कथांत मात्र तिचे सौंदर्यच पुरुषांच्या हिंसेचे कारण म्हणून मांडले जाते, आणि मारली जाणारी स्त्रीच आपल्या मरणाला जबाबदार ठरते. येथे पुनरुक्तीने केवळ कलेचा नव्हे, विवेकाचाही ऱ्हास झाला आहे.

तरीही त्याच्या निवडक लघुकथांना केवळ करमणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या त्याने केलेल्या चित्ररूपाला 2019 साली अमेरिकेतील आइस्नर पारितोषिक लाभले. परंतु अशा मान्यतेपेक्षा महत्त्वाची आहे ती या कथांनी विचारलेली गोष्ट. मनुष्य विनाशाकडे नेहमी फसवला जाऊनच जातो, असे मानणे सोयीचे असते. विवर आपल्या मापाचे असेल, त्याने आपल्याला ओळखले असेल, तर भय आणि घरी परतण्याची ओढ यांत फरक करणे कठीण होते. परंपरेतील भूत मांत्रिकाने उतरवता येत होते. ही ओळख उतरवणारा मंत्र इतोजवळ नाही, आणि असल्याचा आव तो आणत नाही. त्याच्या उत्तम कथांचे सामर्थ्य या संयमात आहे.