चाटूची परीक्षा

धार आणि देवास ही नावे उच्चारली की मराठी रसिकांस पवारांची संस्थाने आठवतात. मागोमाग धारचा भोज राजा आणि १९४८ साली देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व आठवतात. अशा थोर नावांच्या मेळाव्यात लाकडी चाटूचा विषय काढणे कित्येकांस औचित्यभंग वाटेल. तथापि फावल्या वेळात हाताने चाटू कोरण्याचा छंद कलाविचाराला जो प्रश्न विचारतो, तो लहान नाही. वापरासाठी केलेल्या वस्तूचे सौंदर्य कोणी, आणि कशावरून ठरवावे? या प्रश्नाचा उलगडा करण्यास लागणारी उदाहरणे माळव्याच्या याच मुलखात सापडतात, म्हणून आम्ही तेथूनच आरंभ करतो.

शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ साली वसईचा. परंतु धार हीच त्यांची कर्मभूमी ठरली. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुतळ्याचा शिल्पकार आधी मातीत काम करतो, आणि माती दयाळू असते: नाक बसके झाले तर चिमूटभर माती लावून ते उचलता येते. लाकूड कोरणाऱ्यास ही सवलत नाही. एकदा उडालेली ढलपी परत चिकटत नाही. कोरीव काम ही वजाबाकीची कला आहे, आणि तिच्यात प्रत्येक घाव अखेरचा असतो. हौशी माणसाला चाटू जो संयम शिकवतो, तो या कारणाने.

दुसरे उदाहरण विष्णू चिंचाळकरांचे. त्यांचा जन्म १९१७ साली, तेव्हाच्या देवास संस्थानातील आलोट येथे झाला. इंदूरच्या कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या कलावंताने पुढे काटक्या, वाळकी पाने आणि मोडक्यातोडक्या वस्तू यांत दडलेले आकार दाखवून देण्याचा मार्ग धरला, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत कितीतरी मुलांस पाहावे कसे हे शिकविले. वस्तूवर आपली इच्छा लादण्यापूर्वी वस्तूचे म्हणणे ऐकावे, हा त्यांच्या कलेचा आम्हांस जाणवणारा धडा. गोव्याकोकणातील घरांत हाच धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला आहे. करवंटीला दोन छिद्रे पाडून त्यांतून दांडी ओवली की दवलो तयार होतो. त्याची वाटी माडाने आधीच घडवून ठेवलेली असते.

माळव्यात माड नाही. तेथे वाटीही लाकडातच खोदावी लागते. येथे ऐकण्याचा प्रश्न अधिक कठीण होतो. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात. सरळ फळीतून वाकडा चाटू कापला, तर मानेपाशी हे तंतू तुटतात आणि घट्ट पिठल्यात जोर लावताच चाटू नेमका तेथेच मोडतो. मुळात वाकलेली फांदी निवडली, तर तंतू वळणाबरोबर वळतात आणि पातळ मानही टिकते. ओले लाकूड हत्याराला वश असते. परंतु वाळताना ते आकसते, आणि सर्व दिशांस सारखे आकसत नाही. गाभ्याचा मध्य चाटूत राहिला तर तडा ठरलेलाच. म्हणून जाणता माणूस ओंडका उभा फोडून गाभा आधी काढून टाकतो. वाकसाने आकार काढावा, गोल पटाशीने वाटी खोदावी, शेवटी जवसाचे तेल मुरवावे, इतकाच हा विधी. पण त्यात फांदी निवडतानाच अर्धा निकाल लागून गेलेला असतो.

उरलेला निकाल स्वयंपाकघरात लागतो, आणि आमची तक्रार येथे आहे. छंद म्हणून कोरलेले जे चाटू आमच्या पाहण्यात येतात, त्यांतील बहुतेकांची दांडी मोर, वेल, कमळ यांनी लगडलेली असते, आणि वाटीची कड बोटाएवढी जाड असते. अशी कड पातेल्याच्या तळाशी शिरत नाही. नक्षीच्या खाचांत आमटी बसते आणि तेथेच बुरशी धरते. कल्हईला ओरखडा न काढणे, आंबट कढीने न बिघडणे, दांडी न तापणे, हे लाकडाचे खरे गुण. ते नक्षीने वाढत नाहीत.

कोणी म्हणेल, छंदाला उपयोगाचे बंधन कशाला? वेल्समधील तरुण आपल्या प्रेयसीला स्वतः कोरलेला चमचा देत. अशा चमच्यांपैकी एकावर १६६७ हे साल कोरलेले आढळते. पुढे त्यांच्या दांड्यांत लाकडी साखळ्या आणि पिंजरे आले, आणि चमचा खाण्याच्या कामातून निवृत्त झाला. त्याला आम्ही दोष देत नाही, कारण त्याचे काम निरोप पोचविण्याचे होते आणि ते त्याने चोख केले. सावंतवाडीची लाकडी फळेही खाण्यासाठी नसतात, आणि तसा आवही आणत नाहीत. चाटू म्हणवून घेणाऱ्या वस्तूने मात्र ढवळता आले पाहिजे.

धार जिल्ह्यातील बाग येथे कापडावर छपाई करण्याचे लाकडी ठसे पाहावे. त्यांची नक्षी उलटी कोरलेली असते आणि ती कोणी ठशावर पाहत नाही. तांबड्या-काळ्या रंगात ती कापडावर उमटली म्हणजेच तिची परीक्षा होते. इतके नाजूक कोरीव काम स्वतःकडे लक्ष वेधून न घेता दुसऱ्या वस्तूत जाऊन पूर्ण होते. चाटूचे सौंदर्यही याच जातीचे आहे.

ग्रंथ वाचूनही ज्याला मर्म कळत नाही, त्याला संस्कृत सुभाषितकारांनी पक्वान्नात बुडूनही चव न कळणाऱ्या पळीची उपमा दिली. धम्मपदातही मूर्खाला हीच उपमा आहे. पळीला चव कळत नाही, हे खरे. पण ती घडविणाऱ्याला हात, पातेले आणि तोंड यांचे ज्ञान नसेल, तर उपमा त्यालाच लागू पडेल. बाजारासाठी राबणाऱ्या सुताराला एका चाटूवर दोन दिवस घालविणे परवडत नाही. हौशी माणसाला परवडते. ही सवड त्याने मोरपिसाऱ्यावर उधळावी, की कड कागदासारखी उतरविण्यात खर्चावी? पहिल्याने पाहुणे खूश होतील. दुसऱ्याने रोज चुलीपुढे उभे राहणाऱ्या माणसाचे मनगट कमी दुखेल, आणि या वस्तूचे खरे समीक्षक तेच मनगट आहे. कोरणाऱ्यांनी आपला चाटू भिंतीवरून उतरवून आधी त्याच्या हाती द्यावा. आमचे मत त्यानंतर विचारावे.