'स्मृतिचित्रे'तील उपकारस्मरण आणि श्रद्धेची वाट

सांताक्रूझ या पोर्तुगीज स्थळनामाचा अर्थ 'पवित्र क्रूस' असा आहे. तेथील आणि शेजारच्या कलिना-वांद्रे भागांतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांच्या वळणांवर आजही क्रूस उभे दिसतात. साष्टीतील अशा कित्येक क्रूसांचा संबंध १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेल्या प्लेगशी आहे. मरीत अभय मागावे आणि वाचल्यावर उतराई व्हावे, ही त्यांमागील भावना होय. येथील ईस्ट इंडियन समाजाची श्रद्धा पिढीजात आहे. तिची कृतज्ञता आणि तिचा धीर ग्रंथापेक्षा सणांत, गाण्यांत आणि रस्त्यावरील या दगडांत अधिक व्यक्त झाला. मराठीतील ख्रिस्ती आत्मवृत्ते मात्र मुख्यतः धर्मांतरितांनी लिहिली. ज्याला श्रद्धा वारशाने लाभली नाही त्याला ती रोज नव्याने राखावी लागते. म्हणून टिकून राहण्याचा प्रश्न या वाङ्मयात विशेष तीव्र होतो.

या वाङ्मयाला 'वाटे'ची प्रतिमा आरंभापासूनच परिचित आहे. बन्यनच्या रूपककथेचा हरि केशवजींनी केलेला 'यात्रिकक्रमण' हा अनुवाद १८४१ चा. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील कादंबरीच्या नावातही 'पर्यटन' आहे. पदमनजींचे आत्मचरित्र 'अरुणोदय' म्हणजे अंधाराकडून प्रकाशाकडे झालेला प्रवास. तेथे निर्णय आधी होतो, छळ मागून येतो, आणि निर्णयाच्या बळावर छळ सोसला जातो. धीर हे श्रद्धेचे फळ, असा हा क्रम आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हा क्रम उलटा झाला आहे, आणि या ग्रंथाचे खरे वेगळेपण येथेच शोधले पाहिजे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या आणि होण्याची इच्छाही त्यांना नव्हती. पुढील वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आश्रयाने, लहानग्या दत्तूला घेऊन काढली. पतीजवळ राहावयास आल्यावरही काही काळ त्यांचे सोवळे वेगळेच होते. या काळात त्यांना तारणाऱ्या वस्तू तीनच: पतीवरील माया, मुलाची काळजी आणि विनोद. धर्मसिद्धान्ताचा तेथे मागमूस नाही. बाप्तिस्मा त्यांनी पाच वर्षांनी घेतला. त्या आधी टिकल्या, आणि श्रद्धा त्या टिकण्यातून हळूहळू उगवली. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात बाप्तिस्म्यापूर्वीच सुटला होता. ज्या मुलीचे वडील मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेत, तिच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे. धर्मांतराचे पाऊल तिच्या मागून पडले.

या ग्रंथास पातिव्रत्याची गाथा मानणारे एक मत आहे. ते सर्वस्वी खोटे नाही, परंतु अपुरे खास आहे. पतीच्या मागून जाणारी स्त्री पतीच्या चुका इतक्या निःशंकपणे सांगत नाही. टिळकांचे औदार्य, त्यांचा क्रोध, घरात पैसा न ठरणे, हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात, आणि त्या हसण्यात माफी आधीच दिलेली असते. जिच्या मनात तक्रार शिलकीत आहे तिला असे हसता येत नाही.

मराठी बायबलात ईश्वराप्रति व्यक्त केलेल्या कृतज्ञतेला 'उपकारस्तुती' हा शब्द आहे. 'स्मृतिचित्रे'त स्तुती थोडी आणि स्मरण पुष्कळ. कोणी आश्रय दिला, कोणी बरोबर जेवावयास बसविले, कोणी वाटेत सोबत केली, हे लेखिका माणसा-माणसाने नोंदविते. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मिशनरी आहेत. धर्मावरून उपकाराची प्रत ठरविलेली नाही. देवाचे आभार माणसांच्या उल्लेखांतून मानण्याची ही रीत आहे. टिळकांच्या 'अभंगांजली'त कृतज्ञता थेट ख्रिस्ताला उद्देशून, संतांच्या आर्ततेने बोलते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची स्वतःचीच भावना होती. पतीची कृतज्ञता अभंगाची आहे, पत्नीची घरगुती गोष्टीची. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद येथे निरर्थक आहे. तथापि आत्मचरित्र म्हणून पाहता, माणसांचा एवढा मोठा मेळा अभंगात मावला नसता, हे खरे.

ग्रंथाची एक उणीव मात्र झाकून ठेवता येत नाही. प्रार्थनेच्या एकांतात लेखिकेचे काय होत होते, याविषयी ती जवळजवळ मौन पाळते. विनोद जेथे सर्वाधिक उपयोगी पडतो तेथेच तो कधी कधी आडही येतो. दुःखाचा प्रसंग हास्यात इतक्या त्वरेने विरतो की त्याची खोली वाचकाला अंदाजानेच समजावी लागते. आध्यात्मिक आत्मवृत्ताच्या पाश्चात्त्य कसोटीने, उदाहरणार्थ संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'शेजारी ठेवून, हा ग्रंथ मोजला तर तो उथळ ठरेल. पण ऑगस्टीनचा संवाद देवाशी आहे आणि लक्ष्मीबाईंचा शेजाऱ्यांशी, हे ध्यानात घेतले तर त्या कसोटीची मर्यादाही दिसते.

मौनात जे राहिले त्याचा काही भाग अन्यत्र सापडतो. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. पहिले काही अध्यायच झाले होते. अक्षरओळखही पतीकडून मिळालेल्या या बाईंनी उरलेल्या काव्याचा फार मोठा भाग ओवीबद्ध करून रचला. या कामाविषयी अभ्यासकांनी आजवर पुरवणीसारखेच बोलणे केले आहे. वास्तविक 'स्मृतिचित्रे' आणि 'ख्रिस्तायन' यांचे वाचन एकत्र व्हावयास हवे. एकीत जी बाई देवाविषयी बोलण्याचे टाळते, तीच दुसरीत त्याचे चरित्र अध्यायामागून अध्याय सांगत बसते.